घडीच्या पोटातली चीर

“आधी पाणी दे गं तिला. मग विचार काय ते.”

हा आवाज आक्काचा. आक्काला जाऊन बरीच वर्षं झाली, पण तिचा आवाज थोरलीच्या कानात बिऱ्हाड करून राहिला होता. भाडं नाही, तगादा नाही, मन मानेल तेव्हा उठून बोलायला मोकळा.

पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा थोरली बावीस वर्षांची होती आणि कामावरचा तिचा पहिलाच दिवस होता. गावातल्या मोठ्या दवाखान्याची कापडं जिथे धुतली जात, त्या धुलाईघरात ती लागली होती. चादर गरम रुळात सरकवायची, दुसऱ्या बाजूने इस्त्री होऊन आलेली ओढून घ्यायची, एवढंच तिला शिकवलं होतं. तिसऱ्याच चादरीला रुळाचा दांडा अडला, चादर आत थांबली, आणि बाहेर आली ती मधोमध भाकरीएवढा तपकिरी डाग घेऊन. करपल्याचा वास खोलीभर झाला. बायका दोन पावलं मागे सरकल्या. कोणीतरी विचारलं, कोणाचं काम हे? आणि त्या प्रश्नाच्या वरून, वाफेच्या पलीकडून, आक्काचा आवाज आला होता.

आक्का तिथली हेड. रुंद हाडाची, मनगटाला रंगीत दोऱ्यांचा पुंजका. पाणी आलं, थोरली प्यायली, दात पेल्यावर वाजले. ती पिऊन होईपर्यंत आक्का नुसती शेजारी उभी राहिली. मग तिने विचारलं, कसं झालं? दांडा अडतो म्हणून कळलं. दुपारपर्यंत दांड्याला तेल घातलं गेलं. करपलेल्या चादरीची ठिगळं कापून झाली आणि त्या दिवशीचा विषय त्या दिवशीच मिटला.

आता थोरली अठ्ठेचाळीसची होती, आक्काच्या जागी हेड होती, आणि तिच्या घशाला गेले पाच दिवस कोरड पडली होती. पाण्याने जाणारी ती कोरड नव्हती.

धुलाईघरातली शेवटची खोली ती घडीखोली. रुळावरून आलेल्या चादरी इथे घडी व्हायच्या, वीस-वीसचे गठ्ठे बांधले जायचे आणि ढकलगाडीवरून दवाखान्यात जायचे. खोलीला उगवतीकडे तीन उंच खिडक्या. आक्काच्या काळापासून घडी घालायची ती दोघींनी. एकीने दोन टोकं धरायची, दुसरीने समोरची दोन. चादर ताणून आधी खिडकीसमोर धरायची, उजेड आरपार येऊ द्यायचा, मग एकमेकींकडे चालत यायचं, टोकाला टोक द्यायचं, पुन्हा मागे जायचं, पुन्हा यायचं. दिवसभर हे जाणं-येणं. जवळ आलं की एक वाक्य बोलायचं, लांब गेलं की त्याचं उत्तर जुळवायचं. संसाराची अर्धी गाऱ्हाणी त्या चार पावलांत सांगून व्हायची. सुनांचे, नणंदांचे, गुडघ्यांचे सगळे हिशेब चादरीच्या दोन टोकांमध्ये मिटायचे. आक्का मधूनच गुणगुणायची,

धर गं सखे टोक, तुझं तिकडे, माझं इकडे,
मधून उजेड जातो, चीर लपेल कुणीकडे?

आणि खरंच, चीर लपायची नाही. कापड जुनं, हजारदा उकळलेलं. कुठे सुईएवढं भोक, कुठे बोटभर फाटलेलं. उजेडात धरलं की ते चांदणीसारखं लुकलुकायचं. फाटकी चादर बाजूच्या टोपलीत पडायची, संध्याकाळी शिवणाऱ्या बाईकडे जायची. दिवसाला दहा-बारा तरी पडायच्याच.

प्रत्येक जोडीचा दोऱ्याचा एक रंग. गठ्ठा बांधला की त्या रंगाची गाठ मारायची. तक्रार आली तर आक्का गाठ बघून त्या जोडीजवळ जाऊन बसायची, आणि पाण्यापासून सुरुवात व्हायची.

थोरलीचा दोरा पिवळा. अठरा वर्षं तिच्या समोरची दोन टोकं धाकटीच्या हातात होती. धाकटी म्हणजे तिची सख्खी जाऊ. एका घरात, एका चुलीवर नांदणाऱ्या दोघी, एकाच चादरीला धरून कामाला लागल्या होत्या. धुलाईघरात त्यांची खरी नावं कोणाला आठवत नसत. थोरली आणि धाकटी, बस. बॉयलरवाले भाऊ म्हणायचे, “तुम्ही दोघी भांडलात तर घरी चूल पेटणार नाही आणि इथे चादर मिटणार नाही. तेव्हा जपून.”

दीड वर्षापूर्वी नवे साहेब आले.

माणूस वाईट नव्हता, हे थोरली स्वतःशी कितीदा तरी म्हणत आली होती. तरुण, नीटनेटका, बुटांना पॉलिश. आल्या आल्या त्याने भिंतीवर एक पांढरा तक्ता लावला. त्यावर सगळ्यांची नावं आणि नावापुढे रोजच्या घड्यांचा आकडा. तीनशे किंवा त्यावर हिरव्या शाईने, खाली लाल. दुसऱ्याच दिवशी बायकांनी त्याचं बारसं केलं, तक्तेसाहेब. तोंडावर साहेब, पाठीमागे तक्ता. “तक्ता आला का?” “आला. आज जरा वाकडा टांगलाय.” एवढंच हसू त्या खोलीत उरलं होतं.

कारण त्याने जोड्या मोडल्या. त्याचं गणित सोपं होतं. दोघी मिळून एक चादर मिटतात, आणि वर गप्पाही मारतात. प्रत्येकीला एक टेबल दिलं तर एकटी एक चादर मिटेल. म्हणजे दुप्पट. टेबलं आली, भिंतीकडे तोंड करून लागली. तयार गठ्ठ्यांना जागा हवी म्हणून लोखंडी मांडण्या आल्या आणि त्या खिडक्यांना लावल्या गेल्या. तीन खिडक्यांतला उजेड गठ्ठ्यांच्या मागे गेला. वर दिवे लागले, पांढरे, कसलीच सावली न पाडणारे. थोरलीकडे पिवळा दोरा राहिला. धाकटीने पेटीतून हिरवा उचलला. तो उचलताना तिने थोरलीकडे पाहिलं, लेक सासरी जाताना बघते तसं, आणि मग स्वतःच्याच त्या बघण्याला हसली.

साहेबाच्या काही सवयी होत्या. थोरलीने त्या कोणी न सांगता टिपल्या, जशी ती कापड हाताला लागताच ओळखायची. तो प्रश्न विचारायचा आणि उत्तर सुरू होईपर्यंत फोनकडे बघायचा. आकडा वाढला की वर चिठ्ठी जायची, मी करून घेतलं. आकडा पडला की खोलीत येऊन म्हणायचा, तुमचं काय चाललंय? एकीला बोलावून दुसरी काय म्हणाली ते सांगायचा, दुसरीला बोलावून पहिलीचं. चार महिन्यांत बायका डबा खायला वेगवेगळ्या बसू लागल्या. आणि काही बिघडलं की त्याच्या तोंडून पहिला शब्द एकच यायचा: कोणी?

एकदा थोरली रजेचा कागद घेऊन त्याच्या खोलीत गेली. दार अर्धवट उघडं होतं, आत फोन वाजला. खोलीत दुसरं कोणी नाही, तरी साहेब खुर्चीतून उठून उभा राहिला. उभ्या उभ्याच हो म्हणाला, हो म्हणाला, पुन्हा हो म्हणाला, आणि मोकळ्या हाताने टेबलावरची नसलेली धूळ पुसत राहिला. थोरली पाय न वाजवता परत फिरली. त्या दिवसापासून तिला त्याचा राग धरता येईना. भ्यालेल्या माणसाच्या हातात काठी दिली की तो सापही मारत नाही आणि वाटही सोडत नाही, ज्याचा पाय दिसेल त्याला हाणत सुटतो. हे तिला कळलं, आणि कळूनही उपयोग काही नव्हता, म्हणून ती नुसती थकली.

फाटक्यांची टोपली रिकामी राहू लागली. आठवड्याला दोन, फार तर तीन चादरी. साहेबाने तक्त्याखाली तेही लिहिलं, फाटक्या चादरींत घट. वरून शाबासकीचं पत्र आलं. ते त्याने खोलीत वाचून दाखवलं. पत्रात नाव एकट्याचंच होतं. बायकांनी टाळ्या वाजवल्या, कारण तो थांबून राहिला होता.

त्या दुपारी थोरली बॉयलरपाशी डबा खायला बसली होती. भाऊ काट्यावरची धूळ पुसत म्हणाले, “वहिनी, हा काटा बघा. पंचवीस वर्षं झाली, वाफ जेवढी तेवढीच दाखवतो. म्हणून तर याला बढती नाही.” थोरली हसली. घास मात्र डब्यात परत ठेवला. चादरी तेवढ्याच फाटत होत्या. बघायला कोणी उरलं नव्हतं, एवढाच फरक. हे तिला माहीत होतं. भाऊंनाही माहीत होतं. टोपलीलासुद्धा माहीत असावं.

आणि तीनशेचा आकडा सगळ्यांना झेपत नव्हता. मग बायकांनी आपसांत वाट काढली. जिचं लवकर झालं तिने मागे राहिलेलीचे दोन-चार गठ्ठे मिटायचे आणि गाठ तिच्या रंगाच्या दोऱ्याने मारायची. लाल शाई टळायची. कोणी कोणाला सांगितलं नाही, कोणी कोणाला विचारलं नाही. जोड्या मोडल्या होत्या, तरी हात एकमेकींना शोधतच होते. थोरलीने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. पुढे पुढे तीही करू लागली.

धाकटीचं मनगट सुजायला लागलं ते याच सुमारास. एकटीने चादर झटकायची म्हणजे सगळा भार उजव्या हातावर. रात्री ती मनगटाला तेल चोळायची आणि सकाळी पट्टी बाहीच्या आत दडवायची. लाल आकडा तीनदा आला की नाव वर जातं असं साहेबाने सांगून ठेवलं होतं, आणि धाकटीचा दोनदा आला होता. धाकटीचा नवरा, म्हणजे थोरलीचा दीर, माळ्यावरून पडल्यापासून दोन वर्षं पाठ धरून घरात होता. थोरलीच्या नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आज उघडं तर उद्या बंद. धाकटीची नोकरी म्हणजे त्या घराचा एक खांब होता, आणि खांब दोनच होते.

तो दिवस मंगळवार होता. दुपारनंतर धाकटीची बोटं मिटेनात. थोरलीने तिला बॉयलरपाशी शेकायला पाठवलं, जा गं, मी बघते. आपलं काम उरकून ती धाकटीच्या टेबलाशी आली. तीन गठ्ठे राहिले होते. दोन मिटले. तिसऱ्यातल्या आठ चादरी झाल्या तेव्हा भोंग्याला आठ मिनिटं होती आणि बारा चादरी बाकी होत्या.

त्या बारांतली तिसरी की चौथी. कडेला, पायथ्याच्या बाजूला, बोटभर चीर. दिव्याखाली दिसायची नाही, पण थोरलीच्या बोटांना लागली. सव्वीस वर्षांच्या बोटांना चीर सांगावी लागत नाही. ती थांबली. टोपलीत टाकावी तर एक चादर कमी, गठ्ठा अपुरा, आकडा दोनशे ऐंशी, शाई लाल. नवी चादर आणायला रुळापर्यंत जाऊन येण्यात भोंगा होणार. उद्या ही दवाखान्यातून धुवायला परत येईलच, तेव्हा काढू, असं तिचं मन म्हणालं. तिने ती चीर आत वळवली, घडीच्या पोटात घातली, वरून हात फिरवला आणि गठ्ठ्याला हिरव्या दोऱ्याची गाठ मारली.

गुरुवारी दवाखान्यातून पत्र आलं. एका म्हाताऱ्या आजीबाई पहाटे पलंगावरून उतरत होत्या. पायाचा अंगठा चादरीच्या फाटक्यात अडकला. बोटभर चीर ओढली जाऊन हातभर झाली, आजीबाई पडल्या, मनगट मोडलं. पत्रासोबत ती चादर होती आणि गठ्ठ्याचा दोरा होता. हिरवा.

साहेबाने सगळ्यांना तक्त्याखाली उभं केलं. दोरा दोन बोटांत धरून वर केला, जसं मेलेलं काहीतरी धरावं. कोणी बांधला? थोरलीने तोंड उघडलं. तिच्या जिभेवर सगळं होतं. आक्काचा आवाजही होता. पण तिला नुसता तो एक दोरा दिसला नाही. दिसले खोलीतले सगळे दोरे, दीड वर्षातल्या सगळ्या उसन्या गाठी. एक गाठ सोडली तर सगळं सुटणार, मग वीसजणींची नावं निघणार. आणि त्या सगळ्यांच्या खाली, अगदी तळाला, साधी स्वतःची भीती होती. तेवढ्यात धाकटी म्हणाली,

“हिरवा दोरा माझा आहे, साहेब.”

एवढंच बोलली. कोणाकडे बघितलं नाही.

साहेब म्हणाला, सोमवारी कागद तयार होईल. म्हणजे घरी बसायचा कागद. थोरलीचं तोंड उघडलं होतं तसंच मिटलं.

शुक्रवारी ती कामावर गेली, आली. शनिवारी गेली, आली. घरी दिराच्या पाठीला शेक, चुलीवर भात, नवऱ्याचं आज कोणीच आलं नाही गं दुकानात, सगळं जागच्या जागी होतं. नवऱ्याला सांगावं म्हणून ती एकदा त्याच्याजवळ जाऊन बसली. तो म्हणाला, काय गं? ती म्हणाली, काही नाही, पाय दुखतात.

रविवारी सुट्टी. दुपारी दोघी जावा गच्चीवर वाळलेली कापडं काढायला गेल्या. घरची मोठी चादर होती. धाकटीने न सांगता दोन टोकं धरली, थोरलीने समोरची दोन. चादर ताणली गेली, आणि दोघींचे हात आपोआप उन्हाच्या बाजूला उचलले गेले. ऊन आरपार आलं. दोघी एकमेकींकडे चालत आल्या.

“सवय बघ मेली,” धाकटी हसून म्हणाली. “घरच्या चादरीलाही भोकं शोधतोय.”

लांब गेल्या. पुन्हा जवळ आल्या. थोरलीने तेवढ्यात विचारलं, त्या मंगळवारी शेवटचे गठ्ठे कोणी मिटले ते तू साहेबाला का नाही सांगितलंस?

धाकटीने टोक तिच्या हातात दिलं आणि खाली पडलेली कड उचलायला वाकली. वाकूनच म्हणाली, “त्याचा काय संबंध, ताई? तुझ्या हातून चीर सुटेल का कधी? आंधळी झालीस तरी तुझ्या बोटांना कळेल. माझ्याच आधीच्या गठ्ठ्यातली असणार. हात बधिर झाला होता माझा, कळलं नसेल.” मग उभी राहून तिने पट्टीचं मनगट पाठीमागे नेलं. “त्या आजीबाईंचंही मनगटच मोडलं. रात्रभर तेच डोक्यात येतं बघ. माझं दुखायला लागलं की वाटतं, त्यांचंच दुखतंय.”

थोरलीच्या हातात घरची चादर होती, चौपदरी, उन्हाने उबदार. तिच्याच्याने ती खाली ठेववेना आणि धरवेना. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हा विश्वास मात्र तिला रुळातून निघाल्यासारखा भाजत गेला. धाकटी कपडे उचलून जिना उतरू लागली, आणि थोरली तिथेच उभी राहिली, उन्हात, एकटीने चादरीचं टोक धरून. तिला वाटलं, आपण तक्तेसाहेबाला नावं ठेवत आलो. तो ‘कोणी?’ विचारतो, ‘कसं?’ विचारत नाही, म्हणून. आणि आपण? आपण तर दोन्ही विचारलं नाही. आपल्याला दोन्हीची उत्तरं माहीत होती.

सोमवारी साहेबाने दोघींना खोलीत बोलावलं. धाकटी उभी, थोरलीला खुर्ची. मध्ये टेबल, टेबलावर पाण्याचा तांब्या, दोन पेले आणि टाइप केलेला कागद. कागदात लिहिलं होतं की सदर कामगाराच्या निष्काळजीपणामुळे हा प्रकार घडला. खाली साहेबाच्या सहीची जागा, शेजारी हेडच्या सहीची.

साहेबाने पेन थोरलीकडे सरकवलं. त्याचा आवाज मऊ होता. म्हणाला, नातं आहे तुमचं, मला कळतं, पण काम ते काम. तुम्ही माझ्या भरवशाच्या आहात, रूळ आणि घडी दोन्हींवरच्या बढतीसाठी मी तुमचंच नाव सुचवणार आहे. दवाखाना उत्तर मागतोय, वरचे उत्तर मागताहेत, कोणाचं तरी नाव द्यावंच लागेल ना? तो हे बोलत होता आणि फोनकडे बघत होता. डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्यालाही झोप नव्हती.

थोरलीने पेन उचललं नाही. ती उठली. तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि धाकटीच्या हातात दिलं.

“बस,” ती म्हणाली आणि आपली खुर्ची तिच्याकडे ओढली. “आधी पाणी पी.”

धाकटी गोंधळून बसली, प्यायली. साहेब म्हणाला, बाई, आपल्याला वेळ नाही. तेवढ्यात फोन वाजला. तो उठून उभा राहिला. हो सर, म्हणाला. आजच होतंय सर. नाव आहे, हो. फोन ठेवून तो खाली बसला तेव्हा त्याच्या पुढ्यात दुसरा पेला भरलेला होता.

त्याने पेल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. कदाचित त्या इमारतीत त्याला कोणी पाणी विचारल्याचं त्याला आठवत नसावं. पेला उचलून तो दोन घोट प्यायला.

थोरली उभी होती. हात पदराला पुसले, खरं तर कोरडेच होते.

“तो गठ्ठा मी बांधला, साहेब,” ती म्हणाली. “दोरा हिचा, हात माझा. ही तेव्हा बॉयलरपाशी शेकत होती. चीर माझ्या बोटांना लागली होती. भोंग्याला आठ मिनिटं होती, बारा चादरी राहिल्या होत्या, म्हणून मी ती आत वळवून घडी घातली. न कळून नाही. कळून.”

धाकटीच्या हातातला पेला तिरका झाला, थोडं पाणी तिच्या मांडीवर सांडलं. ती थोरलीकडे बघत राहिली. त्या बघण्यात राग होता की आणखी काय होतं, हे थोरलीला तेव्हा कळलं नाही, आणि तिने कळून घ्यायची घाईही केली नाही. जे असेल ते घरी जाऊन, एका चुलीपाशी बसून, सोसायचं होतं.

साहेबाने कागद जवळ ओढला, पुन्हा दूर सारला. बाई, तुम्ही काय बोलताय हे तुम्हाला कळतंय ना, म्हणाला. दुसऱ्याच्या नावावर काम दाखवणं म्हणजे नोकरी जाते. असं किती दिवस चाललंय, आणखी कोण कोण आहे यात?

थोरली म्हणाली, नावं मी देणार नाही. माझं लिहा. कसं झालं ते विचारलंत तर सगळं सांगेन, बसून, सावकाश. टोपली रिकामी का राहते, तिथपासून.

फोन पुन्हा वाजला. या वेळी साहेब उठला नाही, त्याने तो वाजू दिला. वाजून वाजून फोन थकला तेव्हा तो हळू, जवळजवळ कुरकुरत म्हणाला,

“मग हे मला आधी का नाही सांगितलंत? दीड वर्षात एकदाही?”

बाहेर रूळ फिरत होता. भिंतीपलीकडे वीसजणी भिंतीकडे तोंड करून चादरी मिटत होत्या. एकमेकींना न दिसता, उजेड न दिसता. थोरलीला आक्काचं ते गुणगुणणं आठवलं, चीर लपेल कुणीकडे. तिला एकदम जाणवलं की चीर कापडात होतीच, पण तिच्याही आधी ती दुसरीकडे कुठेतरी पडली होती, आणि तिथेही घडी घालून वरून हात फिरवणारी तीच होती.

“तुम्ही विचारलं होतं, साहेब,” ती म्हणाली. “पहिल्याच दिवशी. टेबलं भिंतीकडे वळवली, मांडण्या खिडक्यांना लावल्या, तेव्हा विचारलंत, तुम्ही हेड आहात, तुम्हाला काय वाटतं? मला तेव्हाच वाटलं होतं की हे चुकतंय. उजेड झाकला की चिरा दिसायच्या नाहीत आणि एक दिवस कोणीतरी पडेल, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही फोनकडे बघत होतात. आणि मी म्हणाले, बघू करून.”